आर्मा, १२ जून १८८९ : चढावर सोडलेले दहा डबे

खांबावरचा_सिग्नल (धागाकर्ता)

घाटातल्या कॅच सायडिंगच्या (सुटलेल्या गाडीला मुख्य मार्गावरून बाजूला काढणाऱ्या फाट्याच्या) धाग्यावर आर्माच्या रेल्वे अपघाताचा उल्लेख दोनदा झाला, आणि दोन्ही वेळा ‘ब्रेक निकामी झाल्यामुळे’ असं लिहिलं गेलं. तिथे विषयांतर नको म्हणून हा वेगळा धागा. आर्माला एकही ब्रेक निकामी झाला नव्हता. ज्याची रचना जशी होती तसाच तो वागला. गोम तिथेच आहे.

आधी घटनाक्रम. आयर्लंडमधली ग्रेट नॉर्दर्न रेल्वे. आर्मा गावातल्या मेथॉडिस्ट चर्चच्या संडे स्कूलची सहल वॉरनपॉइंटला समुद्रावर निघाली होती, अंतर साधारण २४ मैल. सोय १३ डब्यांची ठरली होती. लोक जास्त आले आणि गाडी १५ डब्यांची झाली. प्रवासी सुमारे ९४०. आर्मा सोडल्यावर सलग तीनेक मैल चढ, त्यात १:८२ (८२ फुटांत एक फूट चढ) आणि मग १:७५ चे टप्पे, माथा डॉबिन्स ब्रिजपाशी. मार्ग एकेरी.

जादा डब्यांवरून स्टेशनमास्तर आणि ड्रायव्हर यांची बाचाबाची झाली. मागून ढकलायला दुसरं इंजिन घेण्याचीही बोलणी झाली, पण गाडी अखेर एकट्या इंजिनावरच सुटली आणि माथ्याच्या सुमारे २०० यार्ड अलीकडे दम तोडून उभी राहिली.

सहलीची जबाबदारी जनरल मॅनेजरच्या कचेरीतले मुख्य कारकून जेम्स एलियट यांच्याकडे होती. त्यांनी ठरवलं की गाडी तोडायची. पुढचे पाच डबे दोनेक मैलांवरच्या हॅमिल्टन्सबॉन स्टेशनात ठेवून यायचे, मग इंजिनाने परत येऊन मागचे दहा न्यायचे. पाचच का, तर तिथल्या सायडिंगमध्ये (बाजूच्या रुळावर) जागाच तेवढी.

गाडीला ‘साधा’ व्हॅक्यूम ब्रेक होता, म्हणजे इंजिनाने गाडीभरच्या पाइपमधली हवा ओढली की लागणारा. पाचव्या आणि सहाव्या डब्यामधला पाइप सोडला की मागच्या दहा डब्यांचा तो ब्रेक संपला. हँडब्रेक दोन ब्रेकव्हॅनमध्ये (गार्डाच्या डब्यांत) होते, एक टेंडरला (इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या गाड्याला) लागून आणि एक शेपटाला. तोडताना पुढचा इंजिनाबरोबर गेला, म्हणजे दहा डब्यांना एकच हँडब्रेक उरला. जोडीला सहाव्या डब्याच्या चाकांमागे रुळालगतचे दगड लावले.

कपलिंग (डबे जोडणारा दुवा) सुटल्यावर ड्रायव्हर गाडी उचलायला गेला तेव्हा इंजिन आधी जरासं मागे आलं. फूटभर, फार तर दीड फूट. त्या धक्क्याने सहाव्या डब्याची चाकं दगड चिरडून पलीकडे गेली. डब्यांमधल्या कपलिंगना ढील होती, ती एकामागून एक दबली आणि सगळं वजन शेपटाच्या ब्रेकव्हॅनवर आलं. हँडब्रेकने ते पेललं नाही. डबे आधी चालीच्या गतीने सरकले, मग सुटलेच.

आर्माहून १०.३५ ची नेहमीची गाडी मागून येत होती. तिच्या ड्रायव्हरला सुटलेले डबे सुमारे ५०० यार्डांवर दिसले. त्याने गाडी ताशी पाचेक मैलांवर आणली होती. दीडेक मैल घसरत आलेले डबे तोवर ताशी ४० मैलांच्या आसपास होते. टक्कर उंच भरावावर झाली. मृत सुमारे ८०, जखमी २६०. मृतांपैकी जवळपास एक तृतीयांश मुलं.

यातून तीन प्रश्न निघतात: ब्रेक, दोन गाड्यांमधलं अंतर, आणि गाडी तोडण्याचा निर्णय. ज्याला जे नीट माहीत आहे त्याने ते मांडावं.

---

व्हॅक्यूमवाला

ब्रेकचं मी घेतो.

स्मिथच्या साध्या व्हॅक्यूम ब्रेकमध्ये गाडी चालताना पाइपमध्ये बाहेरच्यासारखीच हवा असते, म्हणजे व्हॅक्यूम शून्य. ड्रायव्हरने ब्रेक मारला की इंजिनावरचा इजेक्टर वाफेच्या झोताने पाइपमधली हवा ओढतो, प्रत्येक डब्याखालच्या सिलिंडरमध्ये व्हॅक्यूम तयार होतो आणि ब्रेक लागतो. तेव्हा ब्रेक लावायला तीन गोष्टी लागतात: इंजिनात वाफ, चालू इजेक्टर आणि शेवटपर्यंत अखंड पाइप. यातली एक गेली की ब्रेक नाही. होजपाइप फाटला तर हे चालू गाडीत कुणाला कळतही नाही, कारण ब्रेक सुटलेला असताना पाइपमध्ये हवाच असते. फाटका पाइप आणि धड पाइप यांत काडीचा फरक दिसत नाही. कळतं ते ब्रेक मारल्यावर. शिवाय गार्डाच्या हातात काहीच नाही, इजेक्टर फक्त इंजिनावर.

ऑटोमॅटिक व्हॅक्यूममध्ये सगळं उलट. व्हॅक्यूम हीच ब्रेक सुटलेली अवस्था. इंजिन सगळ्या पाइपमध्ये आणि सिलिंडरच्या दोन्ही बाजूंना सुमारे २१ इंच पाऱ्याचा व्हॅक्यूम धरून ठेवतं. पाइपमध्ये हवा शिरली (ड्रायव्हरने सोडलेली, गार्डाने सोडलेली, प्रवाशाने साखळी ओढून सोडलेली किंवा पाइप तुटून आपोआप शिरलेली) की ती पिस्टनच्या खाली येते. वरच्या बाजूला मात्र बॉल व्हॉल्व्ह आडवा येतो, तिथला व्हॅक्यूम अडकून राहतो. दोन्हीकडच्या दाबातल्या फरकाने पिस्टन वर जातो आणि ब्रेक चावतो. पाइप फाटला तर गाडी जागच्या जागी उभी.

आर्माच्या दहा डब्यांना हा ब्रेक असता तर पाइप सोडल्या क्षणी दहाच्या दहा डब्यांची चाकं आवळली गेली असती. दगडांची गरजच नव्हती.

आणि हे १८८९ मध्ये नवीन नव्हतं, हे मुद्दाम सांगतो. वेस्टिंगहाउसचा ट्रिपल व्हॉल्व्ह असलेला ऑटोमॅटिक एअर ब्रेक (दाबलेल्या हवेचा, पाइपमधला दाब उतरला की लागणारा) १८७२ चा. जून १८७५ मध्ये न्यूअर्कजवळ रॉयल कमिशनच्या देखरेखीखाली वेगवेगळ्या ब्रेकच्या गाड्या शेजारी शेजारी चालवून चाचण्या झाल्या. त्यात वेस्टिंगहाउस उजवा ठरला. १८७७ च्या परिपत्रकात बोर्ड ऑफ ट्रेडने (रेल्वेवर देखरेख ठेवणाऱ्या ब्रिटिश सरकारी खात्याने) कंपन्यांना बजावलं होतं की ब्रेक ताबडतोब लागणारा हवा, ड्रायव्हर आणि गार्ड दोघांनाही लावता यायला हवा, आणि अपघात झाला तर आपोआप लागायला हवा. तिसरी अट साध्या व्हॅक्यूमला कधीच पुरी करता येणार नव्हती. पण परिपत्रकाला कायद्याचं बळ नव्हतं. १८७८ पासून कंपन्यांना आपल्या गाड्यांवरच्या ब्रेकची माहिती नियमित द्यावी लागे, एवढंच. माहिती द्या आणि जुनाच ब्रेक वापरा!

१६ जुलै १८८४ चा पेनिस्टोनजवळचा बुलहाउस अपघातही पाहा. इंजिनाचा क्रँक अॅक्सल मोडला, डबे सुटले, ब्रेक साधा व्हॅक्यूम. २४ मृत्यू. म्हणजे आर्माच्या पाच वर्षं आधी हाच धडा मिळाला होता.

---

चिकित्सक_चिंतू

ब्रेकवर सगळं ढकलणं मला पटत नाही. इंजिनाला ओझं झेपत नव्हतं, ड्रायव्हरने मदतीचं इंजिन घेतलं नाही, मग गाडी अडकली. मूळ चूक तिथे नाही का?

---

खांबावरचा_सिग्नल

चिंतू, चौकशी करणारे मेजर जनरल हचिन्सन यांनी नेमकी हीच बाजू तपासली. त्याच चढावर तसंच इंजिन आणि तेवढंच वजन घेऊन चाचणी झाली आणि गाडी वर गेली. म्हणजे ओझं अशक्य नव्हतं, पण हाताशी काही राखीवही नव्हतं. अशा चढावर निघताना बॉयलरचा दाब जरा कमी असला, आग नीट पेटलेली नसली की तीन मैलांत फटका बसतोच.

पण चढावर गाडी अडकणं हा अपघात नाही. वाफेच्या काळात ते नेहमीचंच. अडकल्यावर काय केलं हे बघावं लागतं. नेहमीची गाडी मागून येणार हे सगळ्यांना माहीत होतं. गार्डाने मागे जाऊन लाल झेंडी आणि रुळावर इशाऱ्याचे फटाके लावून ती थांबवायची, मग सावकाश जवळ आणायची आणि तिच्याच इंजिनाने ढकलून माथा पार करायचा. उरलेले २०० यार्डच तर होते. हा उपाय हाताशी होता, नियमात बसत होता आणि त्यात पाइप तोडायचं कामच नव्हतं. एलियट यांच्या निर्णयावर हचिन्सन यांचा मुख्य आक्षेप हाच.

---

उतारगणित

हँडब्रेकने का धरलं नाही याचं ढोबळ गणित. डब्यांची नेमकी वजनं बाजूला ठेवून दहा डबे मिळून १०० टन धरू, म्हणजे आकडे सुटसुटीत राहतील.

१:७५ च्या उतारावर दर टनामागे खाली ओढणारं बल १०००/७५, म्हणजे सुमारे १३.३ किलो. १०० टनांना १३३० किलो.

शेपटाची ब्रेकव्हॅन १० टनांची धरा. चाक आणि रूळ यांमधलं स्थिर घर्षण कोरड्या रुळावर ०.२ धरलं तर तिचा हँडब्रेक पूर्ण आवळल्यावर जास्तीत जास्त २००० किलो बल देऊ शकतो. म्हणजे कागदावर हे डबे धरले जातात. चौकशीतल्या चाचण्यांतही असंच दिसलं की धड स्थितीतला, पूर्ण आवळलेला हँडब्रेक त्या चढावर डबे धरू शकतो.

मग? ‘धरणं’ आणि ‘थांबवणं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

उभे डबे धरायला १३३० किलो पुरतात. सरकणारे डबे थांबवायचे तर १३३० च्या वर जे उरेल तेवढंच कामाला येतं, वरच्या हिशोबात ६७० किलो. त्यात ब्रेकव्हॅनची चाकं जाम होऊन घसरली की स्थिर घर्षण जाऊन सरकतं घर्षण येतं, गुणांक ०.१ च्या आसपास किंवा त्याहून कमी. मग बल १००० किलोवर येतं. आता ते १३३० पेक्षा कमी! इथून पुढे हँडब्रेक कितीही आवळा, डबे वेग घेतच राहणार. एकदा ही रेघ ओलांडली की परत येता येत नाही.

आणि डबे ती रेघ ओलांडतील असा धक्का नेमका बसला. दगड लावले होते सहाव्या डब्याला, म्हणजे उभ्या तुकडीच्या वरच्या टोकाला. हँडब्रेक खालच्या टोकाला. मधल्या डब्यांचं वजन यातल्या कशावर किती आहे ते कुणी पाहिलं नाही. दगड चिरडले तेव्हा वरचे डबे ढील खात खाली आले आणि एकेक बफर (डब्याच्या टोकाचा धक्का झेलणारा दांडा) आपटत गेला. ब्रेकव्हॅनला १३३० किलोचं शांत वजन पेलायचं नव्हतं, चालून आलेला धक्का पेलायचा होता. गाडी तोडण्याआधी बफर खालच्या बाजूला पूर्ण दाबून घेऊन, मग दगड बऱ्याच डब्यांना लावले असते तर गोष्ट वेगळी झाली असती.

वेगाचा हिशोबही जुळतो. सरासरी उतार १:७८ धरला तर दीड मैलात (२.४ किमी) सुमारे ३१ मीटर उंची उतरते. चालीचा विरोध टनाला ४ किलो वजा केला की वेग ताशी ७३ किमीपर्यंत जातो. ताशी ४० मैल म्हणजे ६४ किमी. फरकाचं काम हँडब्रेकने केलं असं म्हणायला हरकत नाही. वेळ साधारण साडेचार मिनिटं.

---

सह्याद्रीकन्या

साडेचार मिनिटांत लोक उड्या मारून उतरले का नाहीत? सुरुवातीला तर वेग चालीचाच होता.

---

खांबावरचा_सिग्नल

दारांना बाहेरून कुलपं होती. दोन्ही बाजूंनी. निघण्याआधी तिकिटं तपासली, आणि बिनतिकीट कुणी घुसू नये म्हणून डबे बंद केले. त्या काळच्या डब्यांत आरपार वाट नसे, प्रत्येक कप्प्याला आपापलं दार. त्यामुळे शेपटाकडून पुढे सरकायचीही सोय नव्हती. टकरीत सगळ्यात मागचे तीन डबे भुगा झाले, बहुतेक मृत्यू तिथले.

---

लाइनक्लिअर

दोन गाड्यांमधल्या अंतराबद्दल.

आर्माच्या मार्गावर गाड्या वेळेच्या अंतराने सोडत. पुढची गाडी गेली, ठरलेली मिनिटं झाली की मागची सोडायची. इथे अंतर वीसेक मिनिटांचं राहिलं. पुढची गाडी पुढच्या स्टेशनात पोचली का, हे मागच्या स्टेशनमास्तरला कळण्याची सक्ती या पद्धतीत नाहीच. पुढची गाडी नीट चालते आहे, हे गृहीत धरूनच ती उभी आहे. आणि ज्या दिवशी अंतर खरोखर लागतं, म्हणजे पुढची गाडी अडकलेली असते, नेमकी त्याच दिवशी ही पद्धत कुचकामी ठरते.

अॅब्सोल्यूट ब्लॉकमध्ये मोजमाप वेळेचं नाही, जागेचं. एका ब्लॉक सेक्शनमध्ये एका वेळी एकच गाडी. पुढच्या स्टेशनने शेवटचा डबा, त्यावरचा टेल लॅम्प डोळ्यांनी पाहून सेक्शन मोकळा झाल्याचं कळवल्याशिवाय दुसरी गाडी आत नाही. आर्माला हे असतं तर हॅमिल्टन्सबॉनहून निरोप आला नसता आणि १०.३५ ची गाडी आर्मातच उभी राहिली असती.

ब्लॉकमध्येही माणूस चुकू शकतो, तेही नोंदवतो. २५ ऑगस्ट १८६१, क्लेटन बोगदा, ब्रायटनजवळ. बोगद्यापुरता तारेने संपर्क, बाहेर सगळीकडे वेळेचं अंतर. ब्रायटनहून तीन गाड्या ८.२८, ८.३१ आणि ८.३५ ला सुटल्या. नियम पाच मिनिटांचा होता. दक्षिण टोकाच्या सिग्नलमनने पलीकडे विचारलं, बोगदा मोकळा आहे का. पलीकडच्याला वाटलं पहिल्या गाडीबद्दल विचारतोय. त्याने ‘मोकळा’ कळवलं. दुसरी गाडी लाल झेंडी दिसली म्हणून आतच थांबली होती आणि आता उलट येत होती. तिसरी आत शिरली. २३ मृत्यू. त्या सिग्नलमनची पाळी सलग २४ तासांची होती, आठवड्यात एक पूर्ण सुट्टी मिळावी म्हणून.

म्हणून पुढे निरोप आणि उपकरण एकमेकांत गुंतवले गेले. एकेरी मार्गावर टायरचं टॅबलेट यंत्र १८७८ चं. त्याआधी १८७४ मध्ये नॉर्विचजवळ थॉर्प इथे दोन गाड्या समोरासमोर आदळून २५ माणसं गेली होती. आपल्याकडे वर्षानुवर्षं वापरात असलेली नीलची बॉल टोकन यंत्रं याच कुळातली: दोन स्टेशनांमधल्या यंत्रांतून मिळून एका वेळी एकच गोळा बाहेर निघतो, तो हातात असल्याशिवाय ड्रायव्हर निघत नाही.

---

चिकित्सक_चिंतू

पण ब्लॉक असता तरी डबे सुटलेच असते ना? आर्मा स्टेशनात घुसले असते.

---

लाइनक्लिअर

बरोबर. नुसत्या ब्लॉकने टक्कर टळली असती, घसरण नाही. नुसत्या ऑटोमॅटिक ब्रेकने घसरणच टळली असती. एकच निवडायचा असेल तर त्या दिवसापुरता मी ब्रेक निवडेन. पण वाटेत काही कारणाने उभ्या राहिलेल्या साध्या गाडीला मागून ठोकर बसण्यापासून ब्रेक वाचवत नाही, ब्लॉक वाचवतो. कायद्यात दोन्ही आले हे योग्यच झालं.

---

कलम_बहाद्दर

कायद्याचं थोडक्यात. रेग्युलेशन ऑफ रेल्वेज अॅक्ट १८८९, राजसंमती ३० ऑगस्ट १८८९. अपघातापासून अकरा आठवडे आणि काही दिवस. बोर्ड ऑफ ट्रेडला तीन गोष्टी सक्तीने करून घेण्याचे अधिकार मिळाले: प्रवासी मार्गांवर अॅब्सोल्यूट ब्लॉक, सांधे (रूळ बदलण्याच्या जागा) आणि सिग्नल यांचं इंटरलॉकिंग, म्हणजे सांधा नीट लागल्याशिवाय सिग्नल पडू न देणारी जोडणी, आणि प्रवासी गाड्यांना सलग ऑटोमॅटिक ब्रेक.

इंटरलॉकिंगचा आर्माशी काही संबंध नव्हता, हे लक्षात घ्या. तिथे सांधा चुकीचा लागला नव्हता की सिग्नल खोटा पडला नव्हता. निरीक्षक मंडळी ही मागणी कितीतरी वर्षं अहवालांमधून करत होती आणि कंपन्या खर्चाचं कारण पुढे करत होत्या. लोकमत पेटलं त्या उन्हाळ्यात बोर्डाने तिन्ही एकदम पदरात पाडून घेतल्या. चलाखी म्हणा, पण शहाणपणाची.

एलियट यांच्यावर सदोष मनुष्यवधाचा खटला चालला. पहिल्या वेळी ज्यूरीचं एकमत झालं नाही, दुसऱ्या वेळी ते सुटले. गाड्यांना साधाच ब्रेक ठेवायचा हे ज्यांनी ठरवलं होतं, ते त्या पिंजऱ्यात नव्हते.

---

गार्डबाबा

आज भारतात चढावर गाडी अडकली आणि तोडायचीच वेळ आली तर काय करतात ते लिहितो. मालगाडीच्या बाबतीत ही वेळ अजून येते. भारतीय रेल्वेचा जनरल रूल ६.०९ आणि लेखी परवानगीचा टी/६०९ फॉर्म.

तोडायचं की नाही हे लोको पायलट एकटा ठरवत नाही. मागची तुकडी जागेवर पक्की झाली याची खात्री गार्डाने (आता पदनाम ट्रेन मॅनेजर) करायची, हँडब्रेक आवळायचे, चाकांना गुटके लावायचे आणि मग लेखी परवानगी द्यायची. ती हातात पडल्याशिवाय पुढचा भाग हलत नाही. क्रम महत्त्वाचा: हँडब्रेक आधी, कपलिंग नंतर. आर्माला कपलिंग सुटल्यावर इंजिनाची हालचाल मागच्या तुकडीला भोवली. म्हणून पुढचा भाग उचलताना तो मागे येणार नाही हे बघणं लोको पायलटचं काम.

पुढच्या भागाला टेल बोर्ड नसतो, तो मागच्या तुकडीवरच राहतो. स्टेशनात अर्धी गाडी आली तर शेवटच्या डब्यावर खूण नाही हे स्टेशनमास्तरला दिसतंच. सेक्शन मोकळा धरला जात नाही. वर लाइनक्लिअर यांनी टेल लॅम्पचं लिहिलंय, तो हाच धागा.

मागून संरक्षण, जनरल रूल ६.०३: ब्रॉडगेजवर ६०० मीटरवर एक फटाका, १२०० मीटरवर तीन, एकमेकांपासून दहा दहा मीटरवर. फटाका म्हणजे रुळावर पट्टीने बांधायची चपटी डबी. इंजिनाचं चाक वरून गेलं की मोठा बार होतो आणि लोको पायलटने तिथेच गाडी आवरायची असते.

आता एअर ब्रेकच्या गाडीत एक खास धोका आहे, तो नवख्यांनी नीट समजून घ्यावा. दोन डब्यांमध्ये होजपाइपच्या दोन्ही टोकांना अँगल कॉक असतात. उभ्या राहणाऱ्या तुकडीकडचा कॉक बंद करून पाइप सोडला तर ब्रेक पाइपमधली हवा आत कोंडली जाते. गाडीभर दाब सारखा होताना तो काही डब्यांत वर चढू शकतो, आणि दाब चढणं म्हणजे डिस्ट्रिब्यूटर व्हॉल्व्हला (डब्याचा ब्रेक लावणाऱ्या-सोडणाऱ्या झडपेला) ‘ब्रेक सोड’ असा निरोप. मग उभी तुकडी आपणहून सैल पडते. म्हणून उभ्या तुकडीकडचा कॉक उघडाच ठेवायचा, पाइप पूर्ण रिकामा होऊ द्यायचा. ब्रेक पाइपमध्ये एरवी ५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब असतो; ब्रेकव्हॅनमधल्या गेजचा काटा शून्यावर आलेला बघायचा, मगच पुढचं काम.

---

व्हॅक्यूमवाला

गार्डबाबांच्या मुद्द्याला जोडून. ऑटोमॅटिक ब्रेक हा उभं करून ठेवण्याचा ब्रेक नव्हे. व्हॅक्यूम असो वा एअर, सिलिंडर गळतात. काही तासांत ब्रेक सैल होतो. त्यामुळे हँडब्रेकची गरज १८८९ च्या कायद्याने संपली नाही.

६ जुलै २०१३, कॅनडातलं लाक मेगांतिक. खनिज तेलाच्या ७२ टाक्यांची गाडी नांत इथे १.२ टक्के उतारावर रात्रीसाठी उभी केली. म्हणजे सुमारे १:८३, जवळजवळ आर्माचाच उतार. हँडब्रेक लावले सात. बाकी भिस्त चालू इंजिनाच्या एअर ब्रेकवर. त्या इंजिनाला आग लागली, ती विझवताना इंजिन बंद केलं, कॉम्प्रेसर थांबला आणि हवा हळूहळू गळत गेली. इतकी हळू, की डब्यांचे ऑटोमॅटिक ब्रेक लागण्याइतकी घसरण एकदम झालीच नाही. गाडी सुटली, गावात घुसली, ४७ मृत्यू. चौकशीत निघालं की किमान १७, कदाचित २६ हँडब्रेक लागले असते. हँडब्रेक पुरेसे आहेत का ते बघताना इंजिनाचा ब्रेक सोडला नव्हता. म्हणजे पाहिलं ते दोन्हींचं मिळून बळ.

इथे उतारगणितांचं सूत्र पुन्हा वाचा. किती हँडब्रेक, हे ठरतं एकूण वजन आणि उतार यांवरून. एका हँडब्रेकवर दहा डबे किंवा सातवर बहात्तर टाक्या, हिशोब एकच.

आपल्याकडचं ताजं उदाहरण २५ फेब्रुवारी २०२४ चं: कठुआला उभी केलेली खडीची ५३ वॅगनची मालगाडी चालकाविना उतारावर निघाली आणि पंजाबात उंची बस्सीजवळ थांबेपर्यंत सत्तरेक किलोमीटर गेली. मार्ग मोकळा ठेवला गेला, कुणी दगावलं नाही.

---

सह्याद्रीकन्या

मग भोर घाटात तर चढ १:३७ चा, आर्माच्या दुप्पट. उतारगणित यांच्या हिशोबाने टनाला २७ किलो. तिथे गाडी सुटली तर शेवटचा आधार म्हणजे कॅच सायडिंगच ना? आणि मूळ धाग्यावर स्लिप सायडिंग हा शब्दही आला होता, तो वेगळा का?

---

खांबावरचा_सिग्नल

हो, वेगळा. स्टेशनाकडे येणारा उतार १:८० पेक्षा तीव्र असेल तर घसरत येणारी गाडी स्टेशनात घुसू नये म्हणून कॅच सायडिंग. स्टेशनापासून दूर जाणारा उतार १:१०० पेक्षा तीव्र असेल तर स्टेशनातले डबे सेक्शनमध्ये पळू नयेत म्हणून स्लिप सायडिंग. दोन्हींत सांधे एरवी सायडिंगकडेच लावलेले असतात. खंडाळ्याकडून उतरणारी गाडी आधी उभी राहते, ती ताब्यात आहे याची खातरजमा होते, मगच सांधे मुख्य मार्गाकडे फिरतात. सुटलेली गाडी थांबणार नाही, म्हणून तिच्यासाठी सांधे फिरणारही नाहीत. ती सरळ चढाच्या सायडिंगवर जाते आणि शेवटच्या वाळूत रुतते.

चढणाऱ्या गाड्यांना कर्जतहून मागे बँकर इंजिनं लागतात, कसाऱ्याहून इगतपुरीकडेही तसंच. ती ढकलतात, पण त्यांचं दुसरं काम तितकंच महत्त्वाचं: मध्ये कपलिंग तुटलं तर मागची तुकडी बँकरच्या अंगावर येते आणि तिथेच थांबते. कॅच सायडिंगमध्ये वाळूची खोली आणि लांबी किती लागते, सांधे फिरवण्याआधी गाडी किती वेळ उभी हवी, यावर घाट विभागातल्या कुणी लिहिलं तर मूळ धाग्यावरच लिहा, तिथे आकृत्या आहेत.